लोखंडाची जन्मकथा

उस्ताद, तुमच्या डाव्या डोळ्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. तुम्ही होतात तोवर धीर झाला नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की तुमच्या नातवाच्या दाढीत पांढरे केस दिसतात. मंगळवारी फिनलंडच्या एका म्हाताऱ्याचं रक्त माझ्या गाडीच्या सीटवर सांडलं नसतं, तर कदाचित आजही लिहिलं नसतं.

कुवेतमधला, फहाहीलचा आपला गाळा आता मी चालवतो. भट्टी केव्हाच काढली, लेथ चार झाले, पण दाराजवळचा पाण्याचा पिंप आणि मागच्या कोपऱ्यातला तेलाचा पिंप तुम्ही ठेवले होते तिथेच आहेत. लोक पंप घेऊन येतात. मी म्हणतो, चालू करा आणि गप्प बसा. कान लावतो आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो. आधी हसतात, पंधरा दिवसांनी फोन करतात. या कानांवर घर बांधलं, मुलं शिकवली. ती मुलं आता माझ्याशी इंग्रजीत बोलतात, ते सोडा.

हा म्हातारा पंपाच्या कंपनीचा इंजिनिअर, तपासणीला येतो. सोमवारी चहा पिताना त्याने विचारलं की दोन पिंप कशाला. मी म्हटलं, आमचे उस्ताद हत्याराला पाणी द्यायचे, काही पोलादाला तेल, आणि लालभडक लोखंड बुडवताना दर वेळी बिस्मिल्ला म्हणायचे. तो एकदम खूश. म्हणाला, आमच्याकडे तर लोखंडावर हुकूम चालवायचा असेल तर त्याचा जन्म सांगावा लागतो. साप चावला तर सापाचा, भाजलं तर आगीचा, लोखंडाने कापलं तर लोखंडाचा. अख्खा सांगायचा. एवढासा तुकडा सांगायचा राहिला तरी जखम ऐकत नाही. त्याची आजी असं सांगून रक्त थांबवायची. गावात टेलिफोन आल्यावर लोक तिला फोनवरूनही जन्म सांगायला लावायचे. मग त्याने सगळी कथा सांगितली. मी ऐकली, आणि मी ऐकलेलं विसरत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्याने कापलेल्या पत्र्याच्या कडेवर त्याचा हात घसरला. मनगट आतल्या बाजूने उघडलं. टॉवेल गुंडाळला, गाडीत घातलं. हॉस्पिटल दहा मिनिटांवर, पण शाळा सुटायची वेळ. पहिल्या सिग्नललाच अडकलो. टॉवेल भिजलाय, त्याचा चेहरा पिठासारखा झालाय, आणि मी हॉर्नवर हात ठेवून बसलोय.

"घट्ट दाबून धर," मी म्हणतो. "आणि झोपू नकोस."

"मग तू बोल. लोखंडाचा जन्म सांग."

"मी? मी मालवणचा माणूस!"

"काल ऐकलास ना? कानांची बढाई मारत असतोस सारखी."

सांगायला लागलो. उक्को म्हणजे आभाळातला म्हातारा, गडगडाट करणारा. त्याने तळहात गुडघ्यावर चोळले, त्यातून तीन मुली झाल्या. ढगांच्या कडेने चालताना त्यांचं दूध खाली सांडलं. काळं सांडलं तिथे नरम लोखंड, पांढरं सांडलं तिथे पोलाद, तांबडं सांडलं तिथे ठिसूळ.

"भाऊ राहिले," तो डोळे मिटूनच म्हणाला.

हो, भाऊ. पाणी थोरला, अग्नी मधला, लोखंड धाकटा. धाकटा मधल्याला भेटायला गेला, तर तो गिळायलाच निघाला, म्हणून धाकटा दलदलीत लपला. पहिल्या लोहाराने त्याला शोधून भट्टीत घातलं. ऐरणीवर लोखंडाने शपथ घेतली की आपल्या माणसाला कापणार नाही. मग लोहाराला पाण्यात घालायला मध हवा होता, मधमाशीला पाठवलं. पण मधाऐवजी पाण्यात विष पडलं, आणि लोहाराने न बघता लोखंड बुडवलं.

"कोणी टाकलं विष?" त्याचा आवाज आता तळाशी गेला होता. "ते सांगितल्याशिवाय रक्त थांबणार नाही."

उस्ताद, माझ्या तोंडून मराठीत निघालं, "मी."

मग सावरून इंग्रजीत म्हटलं, गांधीलमाशीने. वळचणीला बसून ती सगळं ऐकत होती.

तुम्हाला आठवतं का तो दिवस? ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून केलेली छिन्नी. मला तुमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही आतून ओरडताय, "अरे, आज देतोस का माझ्या मयताला आणतोस?" त्या पोलादाला तेलच द्यायचं, पाण्यात चिरतं, हे तुम्ही शंभर वेळा सांगितलेलं. तेलाचा पिंप मागे, पाण्याचा हाताशी. मी पाण्यात बुडवली. बिस्मिल्लाही म्हटलं, तुमचं ऐकून. आत आणून दिली तेव्हा ती चिरलीय हे मला कळलं नव्हतं. तिसऱ्या घावाला कपची उडाली.

तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "पाटाच हलका होता, पोराचा काय दोष?" आणि कायमचे गावी निघालात तेव्हा तुमची छोटी हातोडी माझ्या हातात दिलीत. "ठेव. तुझे कान माझ्यापेक्षा बरे आहेत." उरलेल्या डोळ्याने हसलात. त्या वाक्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो.

म्हातारा वाचला. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत रक्त बरंच आटलं होतं. घट्ट दाबल्यामुळे आटलं, एवढं मलाही कळतं. टाके घातल्यावर मला म्हणाला, "मधेच तू तुझ्या भाषेत काहीतरी म्हणालास."

"समोरच्या ड्रायव्हरला शिवी दिली."

"लहान होती," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

आता तुमची हातोडी समोर ठेवून लिहितोय. कागद पाठवायला पत्ता नाही, गल्ल्याच्या तळाशी जाईल. पण अख्खा जन्म सांगायचा असतो, आणि वर मी एक वाक्य खोटं लिहिलंय. वाजवल्याशिवाय हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. त्या दिवशी दारातच मी छिन्नी याच हातोडीने वाजवली होती. खणखणीत नाही, चिरलेल्या मडक्यासारखी बद्द वाजली. तुम्ही पुन्हा हाक मारलीत, आणि मी ती आणून तुमच्या हातात दिली.