अंग सैल सोडा

६ जानेवारी
डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालूच ठेवा, जोडीला सुगंधी तेलाचं मालिश करून बघा. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस – तेल यंत्राला घालतात, मला नाही! पण हल्ली लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं म्हटलं की छाती धडधडते. कामावर जाणं बंदच झालंय. दाढीचासुद्धा कंटाळा.
बायको म्हणाली, "गंजलायस. घालून घे तेल."

९ जानेवारी
मालिशवाला अंगाने पहिलवान, आवाज मात्र चिमणीचा! तीन बाटल्या नाकाखाली धरल्या. मी लव्हेंडर निवडलं. बाकीच्या दोन्हींना फरशी पुसल्याचा वास.
"अंग सैल सोडा."
"सोडलंय की."
"हे सोडलेलं? मग आवळलेलं कसं असतं तुमचं?"
पडद्यापलीकडून बायको खुदकन हसली. घरभेदी!

१० जानेवारी
झोप लागली. सलग.

१६ जानेवारी
आज मालिशच्या टेबलावर घोरलो म्हणे. "बाहेर लोक माझ्याकडे बघत होते," बायको म्हणाली, "मी ओळखच दाखवली नाही."
संध्याकाळी धाकटा भाऊ आला. दारातच थबकला – "वहिनी, घरात बाग लावलीस का?" तेव्हापासून मी 'अत्तरवाले'. मला हसू आलं. बायको अशी बघत राहिली, जणू मला शिंगं फुटलीत.

२१ जानेवारी
पहिलवानाला विचारलं, गुण तेलाचा की हातांचा?
"काय सांगू? माझ्या आत्याला वासाने मळमळतं. बिनवासाच्या तेलानेही तिला बरं वाटतं."
प्रामाणिक गडी. धडधड कमी झालीय, हे खरं. उदासी मात्र आगंतुक पाहुण्यासारखी – पाय पसरून बसलीय, उठायचं नाव नाही.

२४ जानेवारी
पालथा पडलो होतो. पहिलवानाने मानेवर हात ठेवला आणि मला रडूच कोसळलं. ढसाढसा! एवढा बाप्या माणूस! त्याने हात काढला नाही. "होऊ द्या," म्हणाला, "घाई नाही."
बाहेर आलो. बायकोने माझे डोळे बघितले. एक शब्द बोलली नाही. तिच्याकडून हे म्हणजे अतीच!

२५ जानेवारी
सकाळी चहा पिताना सांगून टाकलं – मध्यंतरी मला जगणंच नकोसं झालं होतं. अजूनही कधीकधी होतं.
"माहीत आहे," ती म्हणाली. "तुला एकटं सोडायचं नाही म्हणून तर मी रजा काढलीय. टिंगल काय, ती नोकरी सांभाळूनही केली असती."
मग तिने डोळे पुसले. डॉक्टरांना फोन तिनेच लावला, माझ्या हातात दिला. बोललो. सगळं.