ऐकणाऱ्यांची भिंत

कोल्हापूर, २८ मार्च २००४

ती. संघप्रियाताईस,
स. जयभीम, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय. मी मात्र पार गोंधळलोय, म्हणून लिहितोय.

हातकणंगल्याच्या नव्या विहाराची भिंत आपल्या आप्पांना रंगवायला मिळाली आहे. कमिटीला भिंतभर बुद्ध हवा. जन्मभर सिनेमाचे बोर्ड रंगवलेल्या माणसाला हे सहज जमावं. पण आप्पांनी नुसती माणसं बसवलीत: पदर घेतलेल्या बाया, हमाल, मांडीवर पोरं. बुद्ध कुठंच नाही! विचारलं तर म्हणाले, आजवर मोठी तोंडं रंगवली, लोकं बघून फुडं गेली. आता ऐकणारी रंगवतोय. डिजिटल बोर्ड आल्यापासून हाताला काम नाही, त्याचा धक्का तर नसेल?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा प्रसेनजीत

नाशिक, ८ एप्रिल २००४

चि. प्रसेनजीत,
अ. आ. वि. वि.

तुला साधं मांजर काढता येत नाही, आणि तू आप्पांना वेड्यात काढतोस होय रे?

पण मलाही उलगडा होत नाही. नटाचं तोंड रंगवून झालं की आप्पा रस्त्यापलीकडे उभे राहून कोण थांबतंय ते बघायचे. केवढी हौस होती नावाची! मग ही माणसं कोण? काही असो, कमिटी भांडली तर तू आप्पांच्या बाजूला उभा राहा.

आईला जपा, मला विसरू नका.
ताई

कोल्हापूर, १० मे २००४

ती. ताईस,
स. जयभीम, वि. वि.

पौर्णिमेला विहार उघडलं. बायकांना फुलं कुठं वाहावीत कळेना. तशाच हातात धरून बसल्या. अध्यक्ष गणपतराव तर चित्र पुसा म्हणून भर सभेत सांगणार होते. उठले, बोट दाखवायला भिंतीकडे वळले. ताई, ती सगळी माणसं त्यांच्याकडेच बघत होती, मान जराशी कलती करून, आता हा काय सांगतोय म्हणून. गणपतरावांनी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, मला आत्ता काय सुचंना झालंय. आणि बायकांशेजारी खालीच बसले.

चित्र राहणार की जाणार, अजून ठरलेलं नाही. येताना एसटीत मी आप्पांना विचारलं की मग तथागत कुठं आहेत. ते म्हणाले, बघून काय करतोस, ऐक की.

कोल्हापूर येईपर्यंत मी कान देऊन बसलो. खिडक्यांच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू आलं नाही. तुला काही कळलं तर कळव.

तुझ्या मायेचा धनी,
प्रसेनजीत