तह तोंडाने मागायचा

३ जुलै १९९९
मी इंग्रज घेतले म्हणून नॅन्सी हसली! जावयाने जुना कॉम्प्युटर इथे आणून ठेवलाय — बाबांचं मन रमेल म्हणे. त्यावर राज्यांचा खेळ. आधी संस्कृती निवडायची. "आई, कॉन्व्हेंट सुटून चाळीस वर्षं झाली, राणी काही सुटत नाही!" लेक आहे की सासू? रागाने इंग्रज काढले, भारतीय घेतले. ह्यांनी डाव्या हाताने झुलू निवडले. एक चाल ह्यांची, एक माझी.

मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून हे बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, "जीभ चालते, बाई. बोलायला लावा." पण पहिला शब्द चर्चच्या पाळकसाहेबांसमोर वाकडा आला, तेव्हापासून तोंड मिटलंय. नागापूरच्या कारखान्यात मशिनींवर आवाज चढवणारे फोरमन जोसेफ — आणि आता पाणी हवं तर चमचा वाजवतात!

७ जुलै
मी लोकशाही लावली. शाळा, ग्रंथालयं, बेताचा कर. ह्यांची हुकूमशाही. शाळा एक नाही, नुसतं सैन्य!

११ जुलै
माझं बंदर घेतलं! कुरापत नाही, काही नाही. मी ह्यांची दोन गावं घेतली. लगेच तहाचं बटण दाबायला निघाले. हात धरला मी. नियम केला — तह तोंडाने मागायचा. एक शब्द. वाकडा चालेल.
मान फिरवली.

१२ जुलै
तिसरं गाव घेतलं. बोलले नाहीत.

१५ जुलै
भांडी घासता घासता रतनबाई — "आजारी मानसाचं राज घेता व्हय, बाई? लई वाईट दिसतं." नॅन्सीचंही तेच — "आई, छळ आहे हा." मी छळवादी! आणि ह्यांनी जन्मभर चमचा वाजवला तर तो कोण ऐकणार? ह्या दोघी?

१८ जुलै
विश्वासघात! मी पदर सावरेपर्यंत ह्यांनी बटण दाबलं, आणि माझ्याच लोकसभेने मला न विचारता तह मंजूर केला! लोकशाहीत लोकांना युद्ध नको असतं म्हणे. चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं ते ह्यासाठी?

१९ जुलै
लोकशाही मोडली. वर्गात असं कुणी केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. तहही मोडला. राजेशाही यायला चार चाली लागतात, तोवर बेबंदशाही. शहरांत दंगे, तिजोरी रिकामी. असू दे. पण आता तह देणारी मी, कुठली सभा नाही.

२१ जुलै
राजधानी पडली. माझी! बेबंदशाहीत वेशीवर कुणी नव्हतं, ह्यांचे हत्ती सरळ आत. मी तहाच्या बटणाकडे हात नेला. ह्यांनी मनगट धरलं.
"त... ह. मा... ग."
चार महिन्यांनी तोंड उघडलं, आणि तेही हुकूम सोडायला!
मागितला नाही. उद्या परत म्हणू देत.