न्यूट्रिनोचा धडा

प्रिय माय,

उद्या मी एम.एस्सी.साठी नागपूरला निघते आहे. बाबांनी काल होकार दिला. ही बातमी तुला सांगितल्याशिवाय कशी जाऊ?

मुलाखतीत काय गंमत झाली ऐक! पुण्याकडच्या एका सरांनी विचारलं, "न्यूट्रिनो हाती लागत नाही. मग त्याचं वस्तुमान कसं मोजाल?"

"आधी धडा करायचा, सर."

त्यांनी पुस्तक पुढे ओढलं. "कितवा धडा?"

मला हसू आवरेना! मग सांगितलं, धाड गावच्या बाजारात माझी माय तूप विकायची. गिऱ्हाइकाचं रिकामं भांडं एका पारड्यात, दुसऱ्यात खडे. दोन्ही पारडी बरोबर झाली की धडा झाला, मग तूप तोलायचं. इथंही तसंच. काही अणूंचं केंद्रक स्वतःच्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि न्यूट्रिनो निसटतो. निसटू दे! एकूण किती ऊर्जा सुटते ते आधी नक्की करायचं, मग मागे अणूत जास्तीत जास्त किती उरते ते मोजायचं. जेवढी तूट, तेवढं न्यूट्रिनोचं वस्तुमान.

"इतका नाजूक तराजू आज कुणाकडेच नाही," सर म्हणाले.

"मग करावा लागेल."

जागा मिळाली, माय!

बाजाराच्या दिवशी तू माझी शाळा बुडवायचीस, तेव्हा किती भांडायचे मी तुझ्याशी! पण बी.एस्सी.चा निकालही न ऐकता निघून गेलीस, एवढी कसली घाई होती तुला? आपल्या घरातली पहिली पदवी, आणि पेढा तुझ्या फोटोपुढे ठेवावा लागला.

बाबांच्या मनात मात्र माझ्यासाठी आपल्याकडच्या उंद्रीच्या शाळेतली मास्तरकी होती. काकू तर हसतच सुटली, "जे दिसतच नाही ते तोलाले नागपूरले चालली काय वो?"

बाबा हसले नाहीत. "अन् वजन निघालंच नाही तं? सारी मेहनत पाण्यात?"

"नाही निघालं तं नाही म्हणून सांगीन, बाबा. आज तं लोक न तोलताच अंदाज बांधून राह्यले."

बाबा म्हणाले, "जाय मंग. पण लोकायले खूश कराले काहीबाही सांगू नको."

तेच वचन तुलाही देते. माझ्या हातून शून्य निघालं, तर मी शून्यच लिहीन, आणि ताठ मानेनं घरी येईन.

तुझीच,
कमल