खिडकीतलं घरटं

दादा,

वहिनीच्या डॉक्टरांनी बोलावलंय. तुझा फोन लागेना, म्हणून मीच हॉस्पिटलला निघालेय. पोरं शेजारच्या काकूंकडे आहेत. जेवण झाकून ठेवलंय, ते गरम करून त्यांना घाल आणि मगच ये. धावतपळत येऊ नकोस. घाई करून उपयोग असता तर डॉक्टर माझ्याशी इतके गोडीनं बोलले नसते.

खिडकीतला काटक्यांचा पसारा सवयीनं झाडून टाकू नकोस. ते घरटं आहे. वसंतात पाखरं बांधतात तसं एक करून आणा, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलंय. सकाळभर दोघं बागेत काटक्या आणि गळालेली फुलं वेचत होती. थोरल्यानं डिंक असा थापलाय की पाखरू बसलंच तर तिथंच चिकटेल.

आतलं काळं अस्तर बघून दचकशील, म्हणून आधीच सांगते. आत मऊ काहीतरी हवं, म्हणून बारकीनं वहिनीचा कंगवा काढला आणि त्यात अडकलेले केस सोडवून आत लावले. अस्तर अर्धंच झालंय. तिच्या मनानं घेतलंय, घरटं पुरं झालं की पाखरू येणार आणि पाखरू आलं की आई घरी येणार. मी निघताना हळूच म्हणाली, "आत्या, आईकडून अजून थोडे केस आण."

मी आणते म्हणाले.

वहिनीच्या डोक्यावर आता एकही केस उरलेला नाही, हे पोरांना आपण अजून सांगितलेलं नाही. आज सगळंच सांगावं लागेल. ते तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही.