टेक्ससचा नर तेवढा टाळायचा

आई,

मी इथे नेमकं काय काम करते, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू होतीस तेव्हा मी शिकत होते, आणि तू ओळखीच्या सगळ्यांना "ती अमेरिकेत जनावरांची डॉक्टर होतेय" असं ठोकून द्यायचीस. मी डॉक्टर झाले नाही. आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीत राहतो. गावाबाहेर एक मोठं प्राणिसंग्रहालय आहे, तिथे मी खुरांच्या प्राण्यांची नोंद ठेवते. फक्त तिथल्याच नव्हे, तर देशभरातल्या संग्रहालयांत एका जातीची जितकी हरणं आहेत तितक्या सगळ्यांची. कोण कुठे जन्मलं, आई कोण, बाप कोण, कुठून कुठे पाठवलं, कधी मेलं. ह्या नोंदीला स्टडबुक म्हणतात. अधूनमधून ती समोर ठेवून आम्ही ठरवतो, कोणत्या मादीला कोणता नर द्यायचा आणि कोणाला देऊच नाही. जनावरं मोजकी, त्यामुळे नात्यात नातं लागायला वेळ लागत नाही, आणि नात्यातल्या जोडीची पाडसं अशक्त निघतात. थोडक्यात, सांगलीच्या स्वयंपाकघरात बसून तू जे करायचीस तेच. हे मी माझ्या मुलीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "ओह, सो यू आर बेसिकली आजी, बट फॉर अँटिलोप्स." तिने तुला पाहिलेलं नाही. मी तिला फारसं काही सांगितलेलंही नाही, तरी बरोबर बोलली.

तुझं वधू-वर मंडळ मला तेव्हा आवडत नसे. डाळीच्या डब्यांशेजारी फळीवर लोकांच्या मुलामुलींचे कागद पडलेले असत, आणि त्यांना हिंगाचा वास लागलेला असे. बाहेरच्या खोलीत माणसं येऊन बसतात, तू कणकेचे हात पदराला पुसत बाहेर येतेस, आणि कागद त्यांच्या हातात न देता स्वतःच वाचून दाखवतेस. कुठे आवाज चढवायचा आणि कुठलं वाक्य खोकल्यात घालवायचं, हे तुला पक्कं ठाऊक असतं. "मुलगा सोन्यासारखा आहे, सासूबाई जरा शिस्तीच्या आहेत," असं तू म्हणालीस की मुलीकडचे काय ते समजून जातात. मी आतल्या खोलीत जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसलेली असायची आणि मनात म्हणायची, हिला असं लोकांच्या घरात नाक खुपसायला आवडतं तरी कसं. तुला ते आवडायचंच. चेहऱ्यावर दिसायचं.

एक मुलगी तुझ्या मंडळात नाव घालायला आली, ती दुपार मला स्पष्ट आठवते, कारण त्या दिवशी तू मला झापलं होतंस. ती अनाथाश्रमात वाढली होती आणि एका दवाखान्यात नर्स होती. बरोबर कोणी नव्हतं, एकटीच आली. तिच्या कागदावर वडिलांचं नाव, कुळ, गोत्र हे सगळे रकाने कोरे होते. तू तिला भरपूर तूप घालून गरम पोळी वाढलीस, कागद पुढे ओढलास आणि गोत्राच्या जागी 'काश्यप' लिहून मोकळी झालीस. ती गेल्यावर मी तुला धारेवर धरलं. हे कुठून काढलंस? तू म्हणालीस, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, पहिल्यापासून अशीच रीत आहे. मी कॉलेजात नुकतीच अनुवंशशास्त्र शिकायला लागले होते, मला चेव आला. म्हटलं, म्हणजे माहीत नाही ते माहीत आहे असं लिहायचं? आणि उद्या तिची जोडी खऱ्या काश्यपाशी लागली तर? तू पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "मग काश्यपाचं स्थळ तेवढं टाळायचं. त्यात काय एवढं?" मी आणखी काही बोलले, बहुधा अंधश्रद्धा वगैरे. तेव्हा तू गॅस बंद केलास. "रकाना कोरा दिसला की लोक मुलीकडे बघत नाहीत, रकान्याकडे बघत बसतात. ती अनाथाश्रमातली आहे हे मी प्रत्येकाला तोंडाने सांगणार आहे, लपवणार नाही. पण बघायला तरी येऊ देत त्यांना. तू तुझं पुस्तक वाच." पुढे तिचं लग्न जमलं. तुला साडी आली, ती तू मला दिलीस. मी ती कधी नेसले नाही, इथेही आणलेली नाही.

आता माझ्याकडच्या मादीबद्दल सांगते. ॲडॅक्स नावाचं हरीण असतं, सहारा वाळवंटातलं. उन्हाळ्यात पांढरंफेक होतं, शिंगं पिळाची. वाळवंटात आता नावाला उरलीत, म्हणून संग्रहालयातल्या प्रत्येकाला महत्त्व. ही मादी आमच्याकडे टेक्ससमधल्या एका खाजगी रँचवरून आली. तिथे लोक हौसेनं हजार एकरांत अशी जनावरं पाळतात, पण कोणाला कोणापासून पाडस झालं ते कोणी लिहीत नाही. तिच्या आईची जागा कोरी, बापाचीही कोरी. केसांवरून जनुकांची तपासणी करून पाहिली, पण ज्यांच्याशी ताडून बघायचं तेच हाताशी नव्हते, त्यामुळे त्यातून काही निघालं नाही. आमच्यात अशा जनावराला जोडीसाठी धरत नाहीत. त्याला कोणी दुखवत नाही, चारा-पाणी मिळतं, फक्त माद्यांच्या वेगळ्या कळपात ठेवून देतात आणि त्याचा वंश तिथेच संपतो. हिला सांभाळणाऱ्या कीपर बाई मला फाटकाशी गाठून म्हणाल्या, "तिचं वय होत चाललंय. ह्या वेळच्या यादीत तिचं नाव आलं नाही, तर पुढच्या यादीची ती वाट बघू शकणार नाही." मी म्हटलं, बघते. मी कोणालाही आधी एवढंच म्हणते.

घरी नवऱ्याला विचारलं. तो पुण्याचा, कंपनीत डेटाचंच काम करतो. "अगं, ॲझ्यूम करून टाक ना काहीतरी," तो म्हणाला, "आम्ही रोज डमी डेटा टाकतो यार, कोण बघतंय." पण इथे बघतात. खऱ्या नोंदीत खोटं लिहिता येत नाही आणि लिहूही नये. मात्र हिशेबासाठी नोंदीची एक वेगळी प्रत असते, तिच्यात गृहीतक धरता येतं. ते उघड मांडायचं आणि सगळ्यांकडून मान्य करून घ्यायचं, एवढी अट. मी मांडलं, की हिचे आई-बाप बाकी कोणाच्याच नात्यातले नव्हते असं धरू या. ऑनलाइन मीटिंगमधले आमचे सल्लागार ज्येष्ठ आहेत, अतिशय सभ्य, आणि आकड्यांच्या बाबतीत कडक. ते म्हणाले, "जे माहीत नाही ते माहीत नाही असंच राहावं. आपल्याकडे टेक्ससहून आलेली आणखी कुटुंबं आहेत. ती त्यांच्यातलीच कोणाची बहीण असली तर?" आक्षेप रास्त होता. वीस वर्षांची असताना मी अगदी हेच बोलले असते, किंबहुना बोललेच होते. पडद्यावर सगळे, कीपर बाईसुद्धा, माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "मग टेक्ससचा नर तेवढा टाळायचा. त्यात काय एवढं?" इंग्रजीत म्हटलं, पण सूर तुझा होता, हे बोलताबोलताच माझ्या ध्यानात आलं. हसू आवरायला मला पाणी प्यावं लागलं. त्यांनी विचारलं, "खरी नोंद कोरीच राहील ना?" मी म्हटलं, कोरीच राहील, आणि ती कुठून आली हे प्रत्येक कागदावर लिहिलेलं असेल. मान्य झालं.

ओहायोहून एक नर आणला. त्याच्या मागच्या कितीतरी पिढ्यांत टेक्सस नाही, हे मी पुन्हा पुन्हा तपासलं. जमायला वेळ लागला. मधे एकदा गाभ राहिला नाही, तेव्हा मी कीपर बाईंना टाळत होते. वसंतात त्यांचा फोन आला. पाडस झालं, मादी आहे, उभी राहिली, दूध पितेय. मी गाडी कडेला घेऊन थांबले. एक पाडस उभं राहिलं म्हणून गृहीतक खरं ठरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. ते खरं की खोटं, हे कदाचित कधीच कळणार नाही. पण मला आनंद झाला, इतका की मी फोन मांडीवर ठेवून नुसती हसत बसले, आणि त्या पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही इतक्या खात्रीनं कशा बोललात? मी म्हटलं, एवढी वर्षं हेच करतेय, अनुभव आहे.

हे मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला पत्ताही नाही. आणि तुझी रोज आठवण येते असंही नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी गाडीत बसले असताना मला तू हवी होतीस. अनुभव तुझा होता. तो मी माझा म्हणून सांगितला, आणि फोन ठेवल्यावरही त्यांना परत फोन करून तसं सांगितलं नाही.