विहिरीचं पाणी

सर, पिंपळनेरच्या मुलांसाठी तुम्ही डिस्टिल्ड वॉटरचा कॅन माझ्या हातात दिलात, ती सकाळ डोळ्यांसमोर आहे. मी धुळ्याला एम.एस्सी. करत होतो आणि दर रविवारी तिकडच्या वसतिगृहात डोंगरातून आलेल्या बारावीच्या मुलांना क्षार ओळखायला शिकवायचो. त्यांच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं कुलूप थेट परीक्षेलाच उघडे, तोवर शहरातल्या पोरांचा हात बसलेला असे. याची मला भारी चीड. तुम्ही म्हणालात, "तिथल्या विहिरीचं पाणी वापरू नकोस. नुसती चीड असून भागत नाही, कॅनही उचलावा लागतो." मी हसलो.

कॅन जड, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. तिसऱ्या रविवारी तो मी खोलीवरच ठेवला. विहिरीच्या पाण्यातच क्लोराइड होतं, त्यामुळे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की कुठल्याही क्षाराला क्लोराइडची खूण असलेला पांढरा साका येई. मुलं खूश. एका मुलीला मात्र बापानं बजावलं होतं, नापास झालीस तर ऊसतोडीला चल. ती नळीत नुसतं पाणी घेऊन उभी राहते आणि म्हणते, "सर, नुसता पाणीमाबी पांढरं व्हस." मला कळलं होतं. पण सगळ्यांसमोर चूक कबूल करायची लाज वाटली. "तू नळी नीट धूत नाहीस," मी म्हणालो. तिनं मान डोलावली आणि नळी धुवायला गेली. यातून काहीतरी वाईट होणार हे कळत होतं, तरी पुढच्या रविवारीही मी रिकाम्या हातानंच गेलो.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तुम्हीच आलात. मी व्हरांड्यात, खिडकीशी. आत पाणी शुद्ध आहे, तिच्या क्षारात क्लोराइड नाही, रविवारी दर वेळी येणारा साका इथे येतच नाही. ती नळी धुते. पुन्हा थेंब टाकते, पुन्हा धुते. घंटा झाली तेव्हा तिचा कागद कोरा होता. तुम्ही बाहेर आलात. "तुझी ती मुलगी नळ्याच धूत बसली. पाणी नेत होतास ना रे?"

"हो सर. तिचाच अभ्यास कमी पडला."

तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. ती नापास झाली आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेली.

मी शिकवत राहिलो, सत्कारही झाले. ती आता तिच्याच गावात असते, घर मला ठाऊक आहे. हे सगळं खरं तर तिला सांगायला हवं. तुम्हाला लिहितो, कारण तुम्ही आता या जगात नाही, उत्तर देणार नाही.